रंगमंचावरील सूर्यास्त : बदलत्या रंगांच्या दिव्यांचें गणित



शाळेच्या संमेलनांतील नाटकांत सूर्य मावळतो, वनांत वणवा पेटतो, नदीच्या पाण्याची तिरीप झोपडीच्या भिंतीवर हालते आणि मेघ गर्जण्यापूर्वीं वीज चमकते. प्रेक्षकांचें लक्ष नटांकडे असतें. हे चमत्कार घडविणाऱ्या दिव्यांकडे तें क्वचितच जातें. पूर्वी हे दिवे पडद्याआड बसलेलीं माणसें हातानें कमीजास्त करीत. आतां तें काम बव्हंशीं संगणकास दिलेल्या आज्ञावलीनें होतें. ही आज्ञावली कशी रचावी, तिच्यांत कोणतें शास्त्र आणि कोणतें गणित लागतें, आणि तिच्यापासून कोणता धोका संभवतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. ज्यास साधा गुणाकार व वर्गमूळ येतें त्यास यांतील कोणतीही गोष्ट अवघड वाटूं नये.

१. थोडा पूर्वेतिहास

विजेचे दिवे येण्यापूर्वीं युरोपांतील नाट्यगृहें वायूच्या ज्योतींनीं उजळत असत. प्रखर प्रकाश हवा असल्यास चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन व हायड्रोजन या वायूंची ज्योत सोडीत. तीमुळें चुना अत्यंत शुभ्र तेजानें तळपूं लागे. परंतु उघड्या ज्योतीचें भय मोठें होतें. ८ डिसेंबर १८८१ रोजीं व्हिएन्ना येथील रिंग नाट्यगृहास आग लागून शेंकडों माणसें मरण पावलीं. त्याच वर्षीं लंडन येथें सॅव्हॉय नाट्यगृह उघडलें व तें संपूर्णपणें विजेच्या दिव्यांनीं उजळलेलें पहिलें सार्वजनिक गृह ठरलें.

वीज आल्यावर प्रकाश हा केवळ उजेड न राहतां कलेचें साधन झाला. अमेरिकन नर्तकी लोई फुलर हिनें १८९५ मध्यें आपल्या अग्निनृत्यांत पायांखालीं कांच बसवून तिच्या खालून रंगीत प्रकाश सोडला, आणि तिच्या रेशमी वस्त्राच्या ज्वाला झाल्या. आपल्या देशांतील उदाहरण पाहिजे असल्यास तापस सेन यांचें नांव घ्यावें लागेल. १९५९ मध्यें कलकत्त्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहांत उत्पल दत्त यांचें 'अंगार' हें नाटक झालें. त्यांत कोळशाच्या खाणींत पाणी शिरून आंत अडकलेले मजूर बुडतात. रंगमंचावर पाणी आणणें शक्य नव्हतें. सेन यांनीं तें चढतें पाणी दिव्यांच्या योगानें दाखविलें. त्या काळीं त्यांच्यापाशीं संगणक नव्हता. ही गोष्ट पुढील सर्व विवेचन वाचतांना ध्यानांत असूं द्यावी. कारण यंत्र हें साधन आहे, पाहणारी दृष्टि मात्र माणसाची असते.

१९७५ मध्यें न्यूयॉर्क येथील 'ए कोरस लाइन' या संगीतकेच्या प्रकाशयोजनेंत थॅरन मसर यांनीं दिव्यांच्या स्थिति स्मरणांत ठेवणारें संगणकीय यंत्र वापरलें; ब्रॉड्वेवर तें प्रथमच आलें. १९८६ मध्यें दिव्यांशीं बोलण्याची एक सर्वमान्य पद्धति ठरविण्यांत आली. तिला 'डी. एम्. एक्स्. ५१२' असें नांव असून जगांतील बहुतेक रंगमंच आजही तिच्यावरच चालतात. यानंतर निळा प्रकाश देणाऱ्या एल्. ई. डी. दिव्यानें मोठीच क्रांति केली. त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. लाल व हिरवे दिवे पूर्वींच होते. निळा मिळतांच एकाच दिव्यांतून हवा तो रंग काढतां येऊं लागला.

२. अंकांची भाषा

दिव्यास 'अंमळ मंद हो' असें सांगून कळत नाहीं. त्यास अंक द्यावा लागतो. वरील पद्धतींत एका तारेवरून ५१२ मार्ग जातात. प्रत्येक मार्गावर ० पासून २५५ पर्यंतचा एक अंक पाठवितां येतो. ० म्हणजे पूर्ण अंधार व २५५ म्हणजे पूर्ण तेज. सर्व ५१२ मार्ग भरलेले असल्यास ही अंकमाला सेकंदास सुमारे ४४ वेळां नव्यानें पाठविली जाते.

रंगीत दिव्यास लाल, हिरवा व निळा असे तीन मार्ग लागतात. म्हणजे एका तारेवर असे १७० दिवे बसतात. प्रत्येक दिव्यास २५६ × २५६ × २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ निरनिराळीं अंकत्रयें देतां येतात. इतके रंग उपलब्ध असल्यामुळें नवशिका मनुष्य ते सर्व एकाच प्रवेशांत वापरूं पाहतो, व त्याचा रंगमंच जत्रेंतील पाळण्यासारखा दिसूं लागतो. निसर्ग रंगांच्या बाबतींत याहून पुष्कळ काटकसरी आहे.

येथें एक सूचना अवश्य दिली पाहिजे. पाठविलेला अंक दिव्यापर्यंत बिनचूक पोंचला कीं नाहीं, हें पडताळून पाहण्याची सोय या पद्धतींत नाहीं. दिवा क्षणभर चुकला तर फारसें बिघडत नाहीं. परंतु शोभेची दारू किंवा माणसांच्या डोक्यावरून हालणारीं यंत्रें हिच्या भरंवशावर कधींही चालवूं नयेत.

३. डोळ्याचा स्वभाव

दिव्याचें तेज निम्मे केलें म्हणजे तो निम्मा दिसेल, असा आपला समज असतो. पण अनुभव तसा येत नाहीं. अंधारांत थोडा उजेड वाढला तरी डोळ्यास तो फार वाटतो, व उजेडांत तेवढाच वाढला तर जाणवतही नाहीं. म्हणून दिवा डोळ्यास निम्मा दिसावा असें वाटत असेल, तर त्याचें तेज सुमारे चतुर्थांश ठेवावें लागतें. व्यवहारांत नियम असा वापरतात कीं, दिसावयाच्या प्रमाणाचा वर्ग करावा व त्यानें २५५ ला गुणावें. निम्म्यासाठीं ½ चा वर्ग ¼, म्हणून अंक ६४. पाऊण भागासाठीं ¾ चा वर्ग ९/१६, म्हणून अंक १४३. हा वर्ग न घेतां दिवा समान गतीनें उतरविला, तर बराच वेळ कांहींच घडलें नाहीं असें वाटतें आणि शेवटीं अंधार एकदम कोसळतो.

दुसरी अडचण अशी. चार मिनिटांत, म्हणजे २४० सेकंदांत, दिवा २५५ वरून ० वर आणावयाचा असल्यास जवळ जवळ दर सेकंदास एक पायरी पडते. वरच्या पायऱ्या कळत नाहींत. परंतु २ वरून १ वर येतांना तेज एकदम निम्मे होतें, व ती उडी प्रेक्षकांस दिसते. यावर उपाय म्हणून चांगल्या दिव्यांत एका रंगास दोन मार्ग देतात. मग २५६ च्या जागीं ६५,५३६ पायऱ्या मिळतात, व संध्याकाळ जशी नकळत उतरते तसा प्रकाश उतरतो.

४. सूर्यास्त

आतां निसर्गाकडे वळूं. सूर्य मावळतांना लाल कां दिसतो? हवेचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात; आणि तरंगाची लांबी जितकी कमी, तितकें विखुरणें अधिक, तेंही चौथ्या घाताच्या प्रमाणांत. निळ्या प्रकाशाचे तरंग आंखूड असल्यामुळें तो वाटेंतच विखुरला जातो व आकाशास निळेपणा देतो. लाल प्रकाश सरळ आपल्यापर्यंत येतो. सूर्य डोक्यावर असतां प्रकाशास हवेचा एक थर ओलांडावा लागतो असें मानलें, तर क्षितिजावर आल्यावर त्यास सुमारे ३८ थर ओलांडावे लागतात.

स्वच्छ हवेच्या एका थरांतून लाल प्रकाश सुमारे शेंकडा ९५, हिरवा ९१ व निळा ८० इतका पार जातो. दोन थर असल्यास हे प्रमाण दोनदां गुणावें, ३८ थर असल्यास ३८ वेळां. लाल रंगास २५५ धरून बाकीचे त्या प्रमाणांत काढले असतां पुढील अंक येतात :

सूर्य माथ्यावर (१ थर) : लाल २५५, हिरवा २४४, निळा २१५.
उंची ३० अंश (२ थर) : लाल २५५, हिरवा २३४, निळा १८१.
उंची १० अंश (५.६ थर) : लाल २५५, हिरवा २००, निळा ९७.
क्षितिजावर (३८ थर) : लाल २५५, हिरवा ५०, निळा ०.

हे अंक प्रत्यक्ष प्रकाशाचें प्रमाण दाखवितात. म्हणून त्यांचा पुन्हा वर्ग करावयाचा नाहीं. वर्गाचा नियम सर्व दिव्याचें तेज एकत्र उतरवितांना लावावा, म्हणजे रंगाचें प्रमाण न बिघडतां उजेड कमी होतो.

या कोष्टकाकडे नीट पाहा. माथ्यापासून ३० अंशांपर्यंत सूर्य ६० अंश खालीं आला, तरी रंग फारसा बदलला नाहीं. शेवटच्या १० अंशांत मात्र सारा खेळ झाला. आपल्याकडे हे १० अंश उतरण्यास सूर्यास सुमारे ४० मिनिटें लागतात. नाटकांत एवढा अवधि कोण देणार? तेव्हां वेळ आंखडता घ्यावा, पण त्याची वांटणी निसर्गाच्या प्रमाणानें करावी. सूर्यास्तास चार मिनिटें मिळालीं असतील, तर ३० अंशांपासून १० अंशांपर्यंत एक मिनिट द्यावें व शेवटच्या १० अंशांस तीन. शिवाय सूर्याच्या बाजूचे दिवे तांबूस होत असतां समोरच्या बाजूस मंद निळा प्रकाश हळूहळू उरला पाहिजे. कारण सूर्य तांबडा झाला तरी डोक्यावरचें आकाश निळेंच असतें. सर्व रंगमंच एकाच रंगांत बुडविणें ही नेहमीं आढळणारी उणीव होय.

५. अग्नि

काजळीचे तप्त कण प्रकाशतात म्हणून ज्योत पिवळी दिसते. कण जसे निवतात तशी ती तांबडी होते. यावरून पहिला नियम मिळतो : अग्नीचा उजेड व रंग हे एकमेकांस बांधलेले आहेत. तेज वाढेल तेव्हां रंग पिवळ्याकडे झुकावा, कमी होईल तेव्हां लालीकडे. निळा मार्ग ० वर ठेवावा.

दुसरा नियम गतीचा. आग सेकंदास किती वेळां उसळते हें तिच्या आकारावर अवलंबून असतें. आगीच्या तळाचा व्यास मीटरमध्यें घेऊन त्याचें वर्गमूळ काढावें व त्यानें १.५ ला भागावें. येणारी संख्या ही सेकंदांतील उसळ्यांची संख्या होय. १० सेंटीमीटर व्यासाची लहान आग सेकंदास सुमारे ५ वेळां उसळते, एक मीटरची शेकोटी दीड वेळां, आणि चार मीटरची चिता किंवा होळी एका सेकंदांत एकदांही पुरती उसळत नाहीं. म्हणून मोठा वणवा दाखवितांना दिवे भराभर फडफडविणें चूक आहे. त्यानें वणव्याची समई होते.

आज्ञावलीची रीत अशी ठेवावी : संगणकानें ७० ते १०० टक्क्यांमधील एक अंक यदृच्छेनें निवडावा, तेथपर्यंत जाण्याचा काळही यदृच्छेनें, परंतु वरील गणितास धरून निवडावा, तेथें हळूच पोंचावें व पुन्हां नवा अंक निवडावा. निदान तीन दिवे निरनिराळ्या जागीं ठेवून प्रत्येकास स्वतंत्र अंक द्यावे. असें केलें म्हणजे भिंतीवरील सावल्या हालतात, व प्रेक्षकांस आग खरी वाटते ती मुख्यतः या हालत्या सावल्यांमुळें. संगणकाची यदृच्छा एका 'बीज'-अंकापासून निघते; बीज तेंच ठेवलें तर आगही दररोज तीच येते. तालमीस व प्रयोगास एकच बीज ठेवावें, म्हणजे नटांस केव्हां अंधुक होणार हें ठाऊक राहतें.

६. पाणी

पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश खालून वर येतो व मंदपणें डुलतो. तो आगीसारखा लहरी नसतो, तसा घड्याळासारखा एकसारखाही नसतो. त्यांत लहानमोठ्या अनेक लाटा मिसळलेल्या असतात. म्हणून दिव्याचें तेज तीन लाटांच्या बेरजेनें ठरवावें. पण लाटांचे अवधि कसे निवडावेत? २, ३ व ४ सेकंद घेतले, तर लघुत्तम साधारण विभाज्य १२ असल्यामुळें दर १२ सेकंदांनीं तोच देखावा परत येईल, व प्रेक्षकांच्या तें ध्यानांत येईल. त्याऐवजीं २.३, ३.७ व ५.९ सेकंद घ्यावे. २३, ३७ व ५९ या मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार ५०,२०९. म्हणजे तोच देखावा ५,०२०.९ सेकंदांनीं, सुमारे ८४ मिनिटांनीं परत येईल. तोंवर नाटकाचा अंक केव्हांच संपलेला असेल. लघुत्तम साधारण विभाज्य कशास शिकावयाचा, असें विचारणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी.

७. चांदणें

चांदणें निळें असतें असें चित्रकार व नाटककार दोघेही धरून चालतात. वस्तुतः चंद्राचा प्रकाश हा परावर्तित सूर्यप्रकाशच होय, व तो सूर्यप्रकाशाहून किंचित तांबूसच भरतो. पौर्णिमेचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. भर दुपारचें ऊन सुमारे एक लक्ष लक्स. इतक्या मंद उजेडांत डोळ्याची लाल रंगाची जाण प्रथम मावळते व निळसर वस्तु तुलनेनें उजळ दिसतात. ही गोष्ट पुर्किंये या शास्त्रज्ञानें १८१९ मध्यें नमूद केली. तेव्हां रंगमंचावरील निळें चांदणें चंद्राचें अनुकरण करीत नसून आपल्या डोळ्याचें अनुकरण करतें. म्हणून तें मंदच ठेवावें. प्रखर निळा प्रकाश चांदण्यासारखा मुळींच दिसत नाहीं.

८. वीज आणि एक गंभीर इशारा

आकाशांतील एक वीज आपणांस एकच लखलखाट वाटते. परंतु तींत बहुधा तीन-चार आघात असतात व दोन आघातांमध्यें सुमारे ४० ते ५० सहस्रांश सेकंदांचें अंतर असतें. तारेच्या जुन्या दिव्यास हें जमत नसे, कारण तापलेली तार निवण्यास वेळ लागतो, एल्. ई. डी. दिव्यास तें सहज जमतें. गडगडाट प्रकाशामागून येतो. ध्वनि सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून वीज एक किलोमीटर दूर असल्यास सुमारे ३ सेकंदांनीं व दोन किलोमीटर असल्यास ६ सेकंदांनीं गर्जना व्हावी. वादळ जवळ येत आहे हें दाखवावयाचें असेल, तर हें अंतर क्रमाक्रमानें कमी करीत जावें. एकही शब्द न बोलतां प्रेक्षक तें ओळखतात.

परंतु येथें थांबून विचार केला पाहिजे. जलद लुकलुकणाऱ्या प्रकाशानें कांहीं माणसांस अपस्माराचा झटका येतो. अपस्मार असलेल्यांपैकीं सुमारे शेंकडा ३ जणांस ही बाधा असते, व ती मुलांत आणि तरुणांत अधिक आढळते. पुष्कळांस ती पहिला झटका येईपर्यंत ठाऊकही नसते. १६ डिसेंबर १९९७ रोजीं जपानमध्यें मुलांच्या एका चित्रमालिकेंत तांबडा व निळा प्रकाश सेकंदास सुमारे १२ वेळां आलटून पालटून चमकला, आणि त्या रात्रीं सुमारे ७०० जणांस, बहुतेक मुलांस, रुग्णालयांत नेण्यांत आलें. यावरून कोणत्याही एका सेकंदांत तीनांहून अधिक लखलखाट नसावेत, हा दंडक पाळण्याची आवश्यकता पटते.

निसर्गांतील वीज जशीच्या तशी उतरविली, तर हा दंडक मोडतो. म्हणून येथें निसर्गाचें अनुकरण मुद्दाम अपुरें ठेवावें. एका विजेस दोनच लखलखाट द्यावे, व दुसऱ्या विजेपूर्वीं कांहीं सेकंद जाऊं द्यावे. दिवा प्रेक्षकांच्या डोळ्यांवर न रोखतां मागील पडद्यावर सोडावा. नाटकापूर्वीं तशी सूचना मोठ्यानें वाचून दाखवावी, व ज्यास हवें असेल त्यास बाहेर जाण्यास मोकळी वाट ठेवावी. लहान आगीची फडफडही याच कारणास्तव उथळ ठेवावी. ७० टक्क्यांखालीं न जाण्याचा नियम वर सांगितला तो यासाठींही आहे. सभागृहांत बसलेल्या शेंकडों मुलांपैकीं एकास जरी इजा झाली, तरी त्या विजेची सुंदरता काय कामाची?

विजेच्या प्रवाहाविषयींही तितकीच दक्षता हवी. विद्यार्थ्यांनीं प्रयोग ५ किंवा १२ व्होल्टच्या एल्. ई. डी. पट्टीवर व लहानशा नियंत्रक-फळीवर करावे. २३० व्होल्टच्या तारांस हात लावण्याचें काम जाणत्या वीजतंत्र्यावर सोंपवावें.

९. समारोप

वरील सर्व उदाहरणांत एक क्रम दिसून येईल. प्रथम निसर्गाकडे पाहिलें. मग त्याचें कारण शोधलें. नंतर कारणास अंक दिले. आणि शेवटीं, त्या अंकांपैकीं किती माणसांच्या हिताचे, हें ठरविलें. यांतील तिसरी पायरी संगणक करूं शकतो. पहिली, दुसरी व चवथी आपणांसच करावी लागते. दिव्याजवळ बसणाऱ्या मुलाचें नांव टाळ्यांत ऐकूं येत नाहीं. तथापि प्रेक्षकांनीं घरीं जातांना 'संध्याकाळ काय सुंदर झाली होती!' असें म्हटलें, व दिव्यांचा उल्लेखही केला नाहीं, तर त्यानें आपलें काम उत्तम झालें असें समजावें.

अभ्यासासाठीं

(१) दिवा डोळ्यास एक-तृतीयांश दिसावा, तर अंक कोणता द्यावा?
(२) पाण्याच्या लाटांचे अवधि २, ३ व ५ सेकंद घेतल्यास देखावा किती सेकंदांनीं परत येईल? २.१, ३.१ व ५.३ घेतल्यास किती?
(३) सव्वादोन मीटर व्यासाची आग सेकंदास किती वेळां उसळेल?
(४) विजेनंतर साडेचार सेकंदांनीं गडगडाट ऐकविला, तर वीज किती दूर पडली असें प्रेक्षक समजतील?
(५) एका निरभ्र सायंकाळीं सूर्यास्तापूर्वीं ४० मिनिटें मोकळ्या जागीं बसावें. सूर्याकडे टक लावून पाहूं नये. पांढरा कागद उन्हांत धरून त्याचा व समोरच्या भिंतीचा रंग दर पांच मिनिटांनीं वहींत लिहावा. मग आपलें कोष्टक वरील कोष्टकाशीं ताडून पाहावें. हवेंत धूळ अधिक असल्यास काय फरक पडतो, हें आपोआप ध्यानांत येईल.